ब्रिटनमधील क्ष-किरणांचा आरंभकाळ : माणसाचा हात हेच मापनयंत्र होते तेव्हा

क्षितिजरेषा (धागाकर्ता)

सप्रेम नमस्कार.

मी इंग्लंडच्या मध्य भागातील एका रुग्णालयात किरणोपचार विभागात भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम करतो. रोज सकाळी पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी आमच्याकडे यंत्राची परीक्षा होते. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात बोटाएवढा आयनीकरण कक्ष, म्हणजे किरणांची मात्रा मोजणारे साधन, सरकवायचा, किरण सोडायचे आणि यंत्र जितकी मात्रा दिल्याचे सांगते तितकीच ती पडली ना, हे ताडून पाहायचे. आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर दुरुस्ती होईपर्यंत कोणालाही आत घेत नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी याच परिसरातले लोक हीच सकाळची परीक्षा स्वतःचा पंजा नळीसमोर धरून करीत असत. ब्रिटनमधील क्ष-किरणांच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास मला तरी प्रामुख्याने मापनाचा इतिहास वाटतो, आणि म्हणून त्याविषयी येथे सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म राँटगेन यांना जर्मनीत वुर्झबुर्ग येथे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण प्रथम आढळले आणि १ जानेवारी १८९६ रोजी त्यांनी आपल्या निबंधाच्या प्रती छायाचित्रांसह परिचित शास्त्रज्ञांना टपालाने पाठवल्या. त्यांतील एक प्रत मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ आर्थर शुस्टर यांच्याकडे आली. लंडनमध्ये ॲलन आर्चिबाल्ड कॅम्बेल स्विंटन हे विद्युत अभियंते जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच स्वतः अशी चित्रे काढू लागले होते, आणि त्यांनी काढलेले हाताचे चित्र त्याच महिन्यात 'नेचर' साप्ताहिकात छापून आले. इतकी घाई शक्य झाली, कारण नवे काही विकत आणायचे नव्हते. हवा उपसून काढलेली काचेची क्रुक्स नळी आणि तिला प्रचंड दाबाची वीज पुरवणारे रूमकॉर्फचे कुंडल या दोन्ही वस्तू त्या काळी भौतिकशास्त्राच्या बहुतेक प्रयोगशाळांच्या कपाटांत होत्याच.

शुस्टर यांच्या प्रयोगशाळेत मग डॉक्टरांची रीघ लागली. शरीरात कोठे तरी सुई रुतल्याचा संशय असलेले रुग्ण घेऊन ते येत. एका नर्तकीच्या पायातील सुई शोधण्यात आपल्या तीन सकाळी खर्ची पडल्या, असे शुस्टर यांनी नमूद केले आहे. त्या बाईंच्या दुखण्याला तोवर हाडाचा विकार ठरवण्यात आले होते. घरोघरी हातशिलाई चालण्याच्या त्या काळात सुई हा किती नित्याचा अपघात असेल, हे यावरून दिसते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लँकाशायरमधील नेल्सन या गावी, डोक्यात बंदुकीच्या गोळ्या राहिलेल्या एका स्त्रीच्या घरी शुस्टर यांच्या प्रयोगशाळेतील माणसे सगळे सामान घेऊन गेली. एकेका चित्रासाठी तासभर नळी चालू ठेवावी लागली. ती स्त्री पुढे दगावली.

बर्मिंगहॅमचे डॉ. जॉन हॉल-एडवर्ड्स हे छायाचित्रणाचा नाद असलेले वैद्य होते. हातात रुतलेल्या सुईचे चित्र त्यांनी ११ जानेवारी १८९६ रोजी काढले, आणि १४ फेब्रुवारीला क्ष-किरणांच्या चित्राच्या आधारे तेथे शस्त्रक्रिया झाली. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत घसा-नाकाचे शल्यविशारद जॉन मॅकिंटायर यांनी त्याच वर्षी स्वतंत्र क्ष-किरण विभाग सुरू केला, जो जगातील पहिल्या काही विभागांपैकी एक मानला जातो. मुलाच्या घशात अडकलेले नाणे, मूत्रपिंडातील खडा आणि पुढे बेडकाच्या हलत्या पायाचे चलच्चित्र, असा त्यांचा पल्ला होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या काळच्या नळीत थोडा वायू उरलेला असे, आणि तो होता म्हणूनच ती चालत असे. वापरता वापरता हा वायू कमी होई आणि नळी 'कठीण' होई, म्हणजे तिचे किरण अधिक भेदक होत आणि हाड-मांस सगळेच करड्या धुक्यासारखे सपाट दिसू लागे. मग स्पिरिटच्या दिव्याने नळी जरा शेकायची, की काचेत मुरलेला वायू सुटून ती पुन्हा 'मऊ' होई. फार मऊ झाली, तर किरण मांसातच अडकत. सकाळची नळी दुपारी तीच राहील, याची कोणतीही खात्री नव्हती. तेव्हा चालक अंधाऱ्या खोलीत एका हातात बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला पडदा धरी, दुसरा हात नळी आणि पडदा यांच्या मध्ये नेई, आणि हिरवट उजेडात स्वतःच्या बोटांच्या पेरांकडे पाहून नळी वापरण्याजोगी आहे की नाही, ते ठरवी. दिवसातून अनेकदा, प्रत्येक रुग्णापूर्वी, आणि जिज्ञासू पाहुणा आला तर त्याच्यासाठी आणखी एकदा. हात प्रत्येक वेळी तोच असे, कारण दुसऱ्या हाताने उपकरण सांभाळावे लागे.

हॉल-एडवर्ड्स यांच्या हातांवर काही वर्षांतच चामखिळीसारखे खडबडीत चट्टे आले, नखे गेली, वेदना थांबेनात. आपल्या दुखण्याचे वर्णन त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांतून स्वतःच प्रसिद्ध केले. १९०८ मध्ये त्यांचा डावा हात कोपराखालून कापावा लागला आणि पाठोपाठ उजव्या हाताची चारही बोटे गेली; अंगठा तेवढा राहिला.

किरणोपचारांविषयी पुढील प्रतिसादांत लिहीन. तोवर आपली मते आणि शंका अवश्य मांडाव्यात.


पायवाट

लेख आवडला. एक जोड देतो, आणि ती आपल्या उपखंडाशी संबंधित आहे. ब्रिटिश लष्कराने रणभूमीवर क्ष-किरणांचा वापर प्रथम केला तो १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, म्हणजे आजच्या पाकिस्तानातील खैबरच्या दक्षिणेकडील डोंगरांत. सर्जन-मेजर वॉल्टर बीव्हर यांनी हे उपकरण सोबत नेले होते. परत गेल्यावर १८९८ मध्ये लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी असा आग्रह धरला की, जखमी सैनिकांसाठी क्ष-किरणांची सोय करणे हे प्रत्येक सुधारलेल्या राष्ट्राचे कर्तव्यच आहे.

त्याच वर्षी सुदानच्या मोहिमेत मेजर बॅटर्सबी यांनी नाईलकाठी अबादिये येथील रुग्णालयात जे केले, ते मला अधिक रोचक वाटते. तेथे वीज नव्हती. त्यांनी दोघांनी मिळून चालवायची सायकल नेली, तिच्या मागच्या चाकाला पट्ट्याने लहान डायनॅमो जोडला आणि दोन जण पायडल मारीत असताना विद्युत्घट भारून घेतले. उन्हाने उपकरण बिघडू नये म्हणून त्याच्या पेट्यांवर जाड नमद्याची ओली आच्छादने घालून ठेवत. आपल्याकडे माठाला ओले फडके गुंडाळतात, त्यातलाच हा प्रकार. ओमदुरमानच्या लढाईनंतर तेथे आणलेल्या १२१ ब्रिटिश जखमींपैकी २१ जणांच्या शरीरात गोळी आहे की नाही, हे सळई घालून कळत नव्हते. त्यांपैकी २० जणांच्या बाबतीत क्ष-किरणांनी निर्णय दिला. एकविसाव्याची प्रकृती इतकी नाजूक होती की, त्याला हलवणे शक्य झाले नाही.

मराठीतील 'क्ष' अक्षराची योजना मला नेहमीच समर्पक वाटत आली आहे. राँटगेन यांनी अज्ञात राशी म्हणून बीजगणितातील अक्षर घेतले, आणि आपल्याकडे बीजगणितातील अज्ञात राशी 'क्ष' हीच असल्याने त्या नावाचे भाषांतर आपोआपच अचूक झाले. इंग्लंडमध्ये मात्र सुरुवातीला वेगळाच शब्द प्रचारात होता, असे वाचले आहे. त्याविषयी सांगाल का?


क्षितिजरेषा

पायवाट, आपण म्हणता तो शब्द 'स्कायाग्राफी' हा होय. ग्रीक भाषेत 'स्किया' म्हणजे छाया; तेव्हा आपण त्याला छायालेखन म्हणू. सिडनी रोलंड या लंडनच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने मे १८९६ मध्ये या विषयाचे जे नियतकालिक काढले, त्याच्या नावात हाच शब्द होता, आणि क्ष-किरणशास्त्राला वाहिलेले जगातील पहिले नियतकालिक म्हणून ते ओळखले जाते. शोधाची बातमी येऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. १८९७ मध्ये लंडनमध्ये राँटगेन सोसायटी स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष सिल्व्हेनस थॉम्पसन हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि सभासदांत डॉक्टर, अभियंते, उपकरणे बनवणारे, छायाचित्रकार असे सगळेच होते. हे किरण डॉक्टरांनीच वापरावेत की तंत्र जाणणाऱ्या कोणीही, हा वाद तेथूनच सुरू झाला आणि बरीच वर्षे धुमसत राहिला.


शंकेखोर

मला दोन हरकती नोंदवायच्या आहेत.

पहिली अशी की, अमुक एक गोष्ट 'प्रथम' कोणी केली, हे या इतिहासात जरा जपून सांगावे. जानेवारी आणि फेब्रुवारी १८९६ मध्ये व्हिएन्ना, बर्लिन, अमेरिकेतील डार्टमथ, लंडन, बर्मिंगहॅम अशा किती तरी ठिकाणी एकाच वेळी हात, सुया आणि मोडलेली हाडे यांची चित्रे काढली जात होती. आपण बर्मिंगहॅमच्या बाबतीत 'पहिले' हा शब्द टाळला आहे, हे माझ्या लक्षात आले. परंतु इतरत्र तो सर्रास वापरला जातो.

दुसरी हरकत अधिक महत्त्वाची आहे. या मंडळींना धोका ठाऊक नव्हता, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. हे पूर्णतः खरे नाही. त्वचा भाजल्याच्या आणि केस गळाल्याच्या बातम्या १८९६ मध्येच प्रसिद्ध होऊ लागल्या होत्या. लंडनचे डॉ. डेव्हिड वॉल्श यांनी जुलै १८९७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिले की, क्ष-किरणांवर काम करणाऱ्या एकाला पोटाचा त्रास होत होता आणि मध्ये शिशाचे आवरण धरल्यावर तो थांबला. म्हणजे इजा त्वचेपुरती नाही आणि शिसे ती अडवते, या दोन्ही गोष्टी दीड वर्षात छापून आल्या होत्या. राँटगेन सोसायटीनेही १८९८ मध्ये इजांची माहिती गोळा करण्यासाठी समिती नेमली होती. तरीही माणसे हात पुढे करीत राहिली, हे कसे?


क्षितिजरेषा

शंकेखोर, आपली दुसरी हरकत रास्त आहे आणि तिचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

माझ्या मते सर्वांत मोठे कारण हे की, ही इजा उशिरा येते. चूल लागली, तर हात तत्क्षणी मागे येतो. येथे हात आज धरला, तर लाली काही दिवसांनी येते, ती ओसरते, माणूस बरा होतो, आणि कर्करोग उमटायला पुढे कित्येक वर्षे लागतात. शिवाय भाजणे किरणांमुळेच होते, यावरही एकमत नव्हते. कुंडलातून निघणारे विद्युत्क्षेप, हवेत तयार होणारा ओझोन, नळीतील प्लॅटिनमचे सुटे कण, काही जणांच्या त्वचेचा जन्मजात नाजूकपणा, अशी बरीच कारणे पुढे केली गेली. आणि एकाच खोलीत काम करणाऱ्या दोघांपैकी एकाचे हात भाजले व दुसऱ्याचे नाही, तर शेवटचे कारण सर्वांनाच पटत असे.

आणखी एक कारण व्यवहारातले आहे. हाताऐवजी वापरण्याजोगी साधने आली होती. निरनिराळ्या जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पायऱ्यांवरून नळीची भेदकता मोजायचे बेन्वा यांचे साधन १९०१ पासून होते आणि काहींनी खऱ्या हाडांचा पंजा लाकडी दांड्यावर बसवून तो नळीपुढे धरायला सुरुवात केली होती. परंतु दहा रुग्ण बाहेर खोळंबलेले असताना कपाटातून साधन काढणार कोण? स्वतःचा हात तर जवळच असतो.


निशिगंधा

हॉल-एडवर्ड्स यांच्याविषयी एक गंमत आठवली. यॉर्कशायरमधील कॉटिंग्ली येथे दोन मुलींनी परींची छायाचित्रे काढल्याचे प्रकरण १९२० च्या सुमारास गाजले आणि भली भली माणसे त्यावर विश्वास ठेवून बसली, तेव्हा ही छायाचित्रे बनावट असू शकतात, असे ठामपणे सांगणाऱ्यांत हे होते. आयुष्यभर छायाचित्रे हाताळल्याचा तो परिणाम असावा.

विषयाकडे वळते. या इतिहासात स्त्रियांचा उल्लेख क्वचितच होतो. फ्लॉरेन्स स्टोनी यांनी १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात क्ष-किरण विभाग उभा केला. ब्रिटनमधील पहिल्या स्त्री क्ष-किरणतज्ज्ञ त्याच. त्यांच्या भगिनी ईडिथ या भौतिकशास्त्रज्ञ होत्या. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा फ्लॉरेन्स यांनी केलेली सेवेची तयारी लष्कराने त्या स्त्री असल्याने नाकारली. मग त्या स्त्रियांच्या एका पथकाबरोबर उपकरण घेऊन अँटवर्पला गेल्या. पुढे त्याच लष्कराने त्यांना लंडनच्या फुलम येथील लष्करी रुग्णालयाचा क्ष-किरण विभाग सोपवला. ईडिथ यांनी फ्रान्समध्ये आणि ग्रीसमधील सालोनिकाला तंबूंतून क्ष-किरण विभाग चालवले. निवृत्तीनंतर फ्लॉरेन्स भारतात येऊन गेल्या आणि येथील स्त्रियांत हाडे मऊ पडून कटिभाग वेडावाकडा होण्याच्या विकारावर त्यांनी लिहिले, हे फारसे कोणाला माहीत नसते.

आता माझी शंका, जी कदाचित बाळबोध वाटेल. जे किरण त्वचा जाळतात आणि कर्करोग निर्माण करतात, त्यांनीच रोग बरा करायचे कोणाच्या मनात आले असेल, आणि ते साधले कसे?


क्षितिजरेषा

शंका मुळीच बाळबोध नाही. ते मनात आले ते भाजण्यामुळेच. ज्या अर्थी हे किरण निरोगी त्वचेत एवढी उलथापालथ करतात, त्या अर्थी रोगट त्वचेतही काही तरी करतील, असा तो सरळ तर्क होता. लंडन हॉस्पिटलमध्ये तर त्यासाठी जागा तयारच होती. पुढे राणी झालेल्या अलेक्झांड्रा यांनी १९०० मध्ये तेथे डेन्मार्कहून फिन्सेन यांचा दिवा आणवला होता आणि त्वचेच्या क्षयावर त्याच्या तीव्र प्रकाशाने उपचार होत असत. तेथील त्वचारोगतज्ज्ञ जेम्स सिक्वेरा यांनी चेहऱ्यावर हळूहळू पसरत जाणाऱ्या 'रोडंट अल्सर' या कर्करोगावर क्ष-किरण वापरले आणि १९०१ मध्ये पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. व्रण खरोखरच भरून येत होते.

अडचण मात्र तीच, मोजायचे कसे? चित्र बिघडले, तर पुन्हा काढता येते. उपचारात मात्रा जास्त पडली, तर ती परत घेता येत नाही. सुरुवातीला थोडे थोडे किरण रोज देत आणि त्वचा लाल होऊ लागली की थांबत. म्हणजे चालकाच्या हातानंतर मापनयंत्र झाली ती रुग्णाची त्वचा.

१९०४ मध्ये पॅरिसच्या साबुरो आणि न्वारे यांनी एक साधी युक्ती काढली, आणि ब्रिटनमध्ये ती पंधरा-वीस वर्षे सर्वत्र वापरली गेली. ही युक्ती मी जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या आजच्या सगळ्या मात्रामापनाचे बालपण तिच्यात दिसते. पडद्यावर लावायचे तेच बेरियम प्लॅटिनोसायनाइड घेऊन त्याची टिकलीएवढी चकती करायची. मूळचा रंग झगझगीत पोपटी. ती नळी आणि त्वचा यांच्या बरोबर मध्यावर ठेवायची. किरण पडतील तसा तिचा रंग पिवळ्याकडून तांबूस तपकिरीकडे झुकत जाई. सोबतच्या पुस्तिकेत नमुन्याचा रंग छापलेला असे. त्याच्याशी चकतीचा रंग जुळला, की केस गळण्यापुरती मात्रा त्वचेला पोचली असे समजायचे. मात्र उजेडात चकती पुन्हा पोपटी होऊ लागे, म्हणून ती झाकून नेऊन झटकन पाहावी लागे, आणि दोन माणसांचे डोळे एकाच रंगाविषयी सहमत होतील, याचीही शाश्वती नव्हती. आमच्या आयनीकरण कक्षापुढे हा प्रकार पोरकट वाटेल. तरीही किरणांचा आकडा माणसाच्या शरीराबाहेर वाचता येऊ लागला, तो येथून.

या चकतीचा सर्वाधिक वापर कर्करोगावर झाला नाही, तर शाळकरी मुलांच्या डोक्यातील नायट्यावर झाला. त्या काळी नायटा झालेल्या मुलाला महिनोन्‌महिने, कधी वर्षभराहून अधिक काळ शाळेबाहेर ठेवत. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ होरेशियो ॲडमसन यांनी १९०९ मध्ये डोक्यावर पाच बिंदू आखून, एकेका बिंदूवर एकदाच किरण देऊन सगळे केस एकसारखे गळवण्याची रीत प्रसिद्ध केली. तीनेक आठवड्यांत केस गळत, त्यांच्याबरोबर बुरशी जाई, आणि काही महिन्यांत नवे केस येत.


शंकेखोर

म्हणजे निरोगी मेंदूवर, लहान मुलांच्या, जिवाला मुळीच धोका नसलेल्या रोगासाठी. हॉल-एडवर्ड्स यांच्या हातांविषयी आपण सगळे हळहळतो, आणि ते योग्यच आहे; त्यांनी स्वतःच्या मर्जीने हात पुढे केला होता. या मुलांना कोणी विचारले होते? इतिहासात हुतात्म्यांची यादी डॉक्टरांची असते, रुग्णांची नसते.


क्षितिजरेषा

हे मला मान्य आहे. नायट्यासाठी डोक्यावर किरण घेतलेल्यांच्या पुढील आयुष्याच्या मोठ्या पाहण्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इस्रायल आणि अमेरिकेत झाल्या, आणि त्यांत मेंदूच्या व इतर गाठींचे प्रमाण वाढलेले दिसले. ब्रिटनमध्ये हा उपचार मागे पडला तो ग्रिसिओफल्विन या औषधामुळे. ग्लासगोच्या जेम्स जेंटल्स यांनी १९५८ मध्ये गिनीपिगांवर ते तोंडावाटे देऊन नायटा बरा होतो, हे दाखवले. म्हणजे ॲडमसन यांच्या निबंधापासून जवळजवळ पन्नास वर्षे ही रीत टिकली. त्या काळच्या पालकाच्या जागी उभे राहून पाहिले, तर मूल शाळेत परतते आहे, हाच त्यातला दिसणारा भाग होता, एवढे मात्र मी त्यांच्या बाजूने म्हणेन.

हुतात्म्यांची यादीही डॉक्टरांपुरती नाही, हे सांगायला हवे. लंडन हॉस्पिटलच्या क्ष-किरण विभागात अर्नेस्ट हार्नॅक, अर्नेस्ट विल्सन, रेजिनाल्ड ब्लॅकल आणि हॅरल्ड सगर्स हे चौघे काम करीत. त्यांपैकी कोणीही नावाजलेले डॉक्टर नव्हते. नळ्या शेकणारी, पडदा धरणारी, रुग्णाला टेबलावर चढवणारी ही माणसे. चौघांच्याही हातांना इजा झाली.


जुना_तंत्रज्ञ

मी महाराष्ट्रातील एका रुग्णालयात चौतीस वर्षे क्ष-किरण तंत्रज्ञ होतो. रुग्णालयाचे नाव घेत नाही, कारण त्याचा उपयोग नाही. तेव्हा बहुतेक ठिकाणी असेच चालत असे. प्रतिमा उजळवणारे साधन आमच्याकडे येण्यापूर्वी बेरियमची तपासणी काळोखात होई. डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून डॉक्टरसाहेब वीस-पंचवीस मिनिटे आधी लाल काचांचा चष्मा घालून व्हरांड्यात फेऱ्या मारीत, आणि नवे रुग्ण त्यांच्याकडे घाबरून पाहत. शिशाचे हातमोजे खुंटीला टांगलेले असत. ते इतके जड आणि ताठ होते की, ते घालून लहान मुलाचे मोडलेले मनगट सरळ धरता येत नसे. म्हणून ज्या हाताने धरायचे, त्या हातातला मोजा नेमका काढून ठेवला जाई. वर 'जुना_तंत्रज्ञ' हे नाव पाहून मी कोणाची बाजू घेणार, हे आपल्या लक्षात आले असेलच. शंकेखोर विचारतात, माणसे हात पुढे का करीत राहिली. आम्हीही केले, आणि आमच्या तर छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला लावलेला असे. बिल्ला छातीवर होता, हात पुढे होता.

ब्रिटनमध्ये यावर नियम कधी आले?


क्षितिजरेषा

आपल्या अनुभवाबद्दल मनःपूर्वक आभार. बिल्ल्याविषयीचे आपले वाक्य मी आमच्या विभागात सांगणार आहे.

राँटगेन सोसायटीने १९१५ मध्ये चालकांच्या संरक्षणासाठी ठराव केला होता. मिडलसेक्स हॉस्पिटलचे भौतिकशास्त्रज्ञ सिडनी रस यांचा त्यामागे पुढाकार होता. युद्धाच्या धामधुमीत तो कागदावर राहिला. खरी जाग आली ती १९२१ च्या मार्चमध्ये. लंडनचे क्ष-किरणतज्ज्ञ डॉ. आयर्नसाइड ब्रूस ऐन उमेदीत रक्तक्षयाने वारले. त्यांचे हात नव्हे, तर अस्थिमज्जा निकामी झाली होती, आणि वृत्तपत्रांतून एकच गदारोळ उठला. त्याच वर्षी सर हम्फ्री रोलस्टन यांच्या अध्यक्षतेखाली क्ष-किरण व रेडियम संरक्षण समिती स्थापन होऊन जुलैमध्ये तिच्या पहिल्या शिफारशी आल्या. दिवसाला सात तासांपेक्षा जास्त काम नको. रविवारी पूर्ण सुट्टी आणि आठवड्यात दोन अर्धे दिवस मोकळे, तेही शक्यतो मोकळ्या हवेत घालवावेत. वर्षाकाठी महिनाभराची रजा. शिशाची आवरणे किती जाड असावीत, हेही त्यांत होते आणि ती तपासण्याचे काम टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने घेतले.

या शिफारशींत एक गोष्ट नाही, ती म्हणजे मात्रेची कमाल मर्यादा. असणार कशी? मोजायचे सर्वमान्य एकक तोवर ठरलेच नव्हते. एककांच्या गोंधळावर लंडनला १९२५ मध्ये भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत चर्चा झाली, स्टॉकहोमच्या परिषदेत १९२८ मध्ये 'राँटगेन' हे एकक स्वीकारले गेले, आणि १९३४ मध्ये दिवसाला ०.२ राँटगेन ही सह्य मात्रा आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरली. तोपर्यंत मोकळी हवा आणि रजा हेच औषध.


पायवाट

रेडियमविषयी काहीच आले नाही. किरणोपचारांचा इतिहास त्याविना अपुरा राहील, असे वाटते.


क्षितिजरेषा

बरोबर आहे. लंडनची रेडियम इन्स्टिट्यूट १९११ मध्ये उघडली. राजे सातवे एडवर्ड यांनी तिचा पाठपुरावा केला होता, परंतु ती पाहायला ते राहिले नाहीत. पैसा लॉर्ड आयव्ही आणि सर अर्नेस्ट कॅसल यांनी दिला. मँचेस्टरला लोकांनी वर्गणी काढून रेडियम विकत घेतले आणि १९१५ च्या आरंभी तेथील काम सुरू झाले.

मला स्वतःला मँचेस्टर अधिक जवळचे वाटते, कारण मापनाचा धागा तेथे पूर्ण होतो. १९३२ मध्ये तेथील होल्ट रेडियम इन्स्टिट्यूट क्रिस्टी हॉस्पिटलला जोडली गेली. संचालक राल्स्टन पॅटर्सन आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्बर्ट पार्कर यांनी १९३४ मध्ये रेडियमच्या सुया किंवा नळ्या कशा मांडायच्या, याचे नियम आणि कोष्टके प्रसिद्ध केली. कडेला किती, मध्ये किती, पृष्ठभागापासून अंतर किती, हे पाळले तर उपचाराच्या क्षेत्रात सर्वत्र मात्रा दहा टक्क्यांच्या आत सारखी पडते, एवढी हमी ती देत. त्याआधी प्रत्येक डॉक्टरचा हातगुण निराळा असे. आता एका गावचा उपचार दुसऱ्या गावी जसाच्या तसा करता येऊ लागला. पुढे १९३८ मध्ये त्याच रुग्णालयात मार्गारेट टॉड आणि मेरेडिथ यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी 'बिंदू अ' ही संकल्पना मांडली. शरीरात एक ठरावीक जागा मुक्रर करायची आणि तेथे पोचलेली मात्रा लिहायची. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या देशांत मोठ्या प्रमाणावर आढळतो, त्यांत भारत आहे, आणि तेथील किरणोपचार विभागांत हा बिंदू आजही रोजच्या बोलण्यातला आहे.


निशिगंधा

शेवटची एक शंका. हात धरून नळी तपासायची पद्धत नेमकी थांबली केव्हा? आणि हॉल-एडवर्ड्स यांचा तो हात बर्मिंगहॅममध्ये जतन करून ठेवला आहे, हे खरे आहे का?


क्षितिजरेषा

तारखेनिशी सांगता येईल, अशी ती थांबली नाही. तिची गरजच संपली. अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी १९१३ मध्ये तापलेल्या तारेची नळी केली. तिच्यात उरलेल्या वायूवर काही अवलंबून नसल्याने किरणांची भेदकता विजेच्या दाबावरून आणि त्यांचे प्रमाण तारेच्या तापमानावरून ठरवता येऊ लागले. बटण फिरवायचे आणि काटा पाहायचा. जुन्या वायूच्या नळ्या मात्र स्वस्त असल्याने ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत १९२० च्या दशकातही चालू होत्या.

हाताविषयी आपण ऐकले, ते खरे आहे. कापलेला डावा हात बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या विकृतिशास्त्र संग्रहालयात आहे. हॉल-एडवर्ड्स स्वतः १९२६ पर्यंत जगले.

लंडन हॉस्पिटलच्या ज्या चौघांचा उल्लेख मी वर केला, त्यांपैकी अर्नेस्ट विल्सन यांनी एक वेगळीच गोष्ट केली. आपल्या हातांवर काय काय होत गेले, याची त्यांनी लेखी टिपणे ठेवली आणि टप्प्याटप्प्याने छायाचित्रेही काढली. आज क्ष-किरणांच्या इजेविषयी जुनी पुस्तके चाळताना जे हात दिसतात, त्यांत ते हात आहेत. विल्सन १९११ मध्ये वारले.